कोरड्या हातांचा बुक्का

नारायण पेठेतल्या विठ्ठल मंदिरात सरोजिनी कीर्तनाला उभी राहिली की तिचे तळहात निथळू लागत, आणि पेटीवर साथीला बसलेल्या दत्तोबांना धन्य वाटे. भक्तीने अंगी उमटणाऱ्या आठ सात्त्विक भावांत घामही येतो, हे त्यांनी जन्मभर कीर्तनांतून ऐकलेलं. इथे तर पोटच्या लेकीवर देवाची ती खूण. पहिल्या रांगेतले जुने श्रोते श्रीनिवासराव यांनीही मान डोलावून त्यावर शिक्कामोर्तब केलेलं.

एकदा मात्र ऐन पूर्वरंगात तिच्या हातून चिपळी निसटली ती थेट श्रीनिवासरावांच्या मांडीत. लोक हसले. शेवटी कीर्तनकाराने प्रत्येकाला आपल्या हाताने बुक्का लावायचा, ही त्या देवळाची रीत. पण तिच्या बोटांवर बुक्क्याचा चिखल होई. तिने ताट वडिलांकडे दिलं.

घरी येऊन तिने चिपळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि पुन्हा उभी राहणार नाही म्हणाली. दत्तोबा समजावू लागले, की हा भाव सगळ्यांना लाभत नाही.

"बाबा, दुधी चिरतानाही हात असेच गळतात. परीक्षेत पेपर भिजून फाटायचा. कुणी हात पुढे केला की मी पदराआड लपवते. दुधीपुढे कसली आलीय भक्ती?"

दुसऱ्याच दिवशी दत्तोबा तिला बुधवार पेठेत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई म्हणाल्या, काहींच्या घामाच्या ग्रंथी जरा जास्तच उत्साही असतात. पाण्याच्या तबकांत हात ठेवून त्यात सौम्य वीज सोडायची, हळूहळू फरक पडतो, मग अधूनमधून तेच करत राहायचं. घामाबरोबर आणखी काही आटणार नाही ना, असं दत्तोबांनी चाचरत विचारलं. फक्त हात, बाई म्हणाल्या. तरी दर खेपेला दत्तोबा शेजारी नाम घेत बसत.

गोकुळाष्टमीला सरोजिनी पुन्हा उभी राहिली. द्वारकेला पोहे नेणाऱ्या गरीब मित्राचं आख्यान लावलं. चिपळ्या अशा खणखणल्या की पेटीवरची दत्तोबांची बोटं क्षणभर मागे पडली.

गजर संपल्यावर श्रीनिवासराव उपरणं सावरत म्हणाले, "दत्तोबा, मुलीचे हात कोरडे पडले हो. भाव ओसरला वाटतं."

"अश्रूही त्या आठांतलेच, श्रीनिवासराव. आधी तुमचे पुसा."

सरोजिनी ताट घेऊन आली. श्रीनिवासरावांच्या, मग वडिलांच्या कपाळाला तिने कोरड्या बोटाने बुक्का लावला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा दूध आणायला निघाले, ते तोंड न धुता, कपाळावरचा बुक्का तसाच ठेवून.