गॅलरीची खोली

वरच्या मजल्यावर आणखी एक खोली चढवायची, तीही आपल्याच घरावर, आणि त्यासाठी परवानगी मागायला जायचं? सगळं घर सुनेला हसत होतं.

"हिला शिंकायलाही सही-शिक्का लागतो," सासूबाई तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. ठेकेदार तर आणखी वरचढ. "वहिनी, एकदा भिंती उभ्या राहिल्या की पाडायला कोण येतंय?"

तरीही ती नगरपालिकेत जाऊन आलीच. खिडकीतल्या बाईंनी सरळ सांगितलं, "अंगणात छोटी पत्र्याची शेड टाकलीत तर आम्ही विचारणारही नाही. पण घरावर वजन चढवायचं म्हटलं की आमचा माणूस येऊन बघणार."

आज तो माणूस, इंजिनिअर, आला होता. नवरा कामावर. सासूबाईंनी चहा टाकला, पण कप जरा आपटूनच ठेवला.

"खोली नेमकी कशावर येणार?" त्याने जिना चढत विचारलं.

"बाळाच्या खोलीवर," ती म्हणाली.

दार उघडंच होतं. आत पलंगावर दीड वर्षाची लेक गाढ झोपलेली. सासरे शेजारी खुर्चीत बसून पंख्याचा वारा अंगावर घेत होते. त्यांच्यामागे लोखंडी कपाट, शिलाई मशीन, जुन्या गाद्यांची चळत. इंजिनिअर उंबऱ्यातच थांबला. लेकीचा लाल चेंडू दारापाशी पडला होता. त्याने तो पायाने हळूच ढकलला. चेंडू पलंगाखालून घरंगळत खोलीच्या बाहेरच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन टेकला. रोज तिथेच तर सापडायचा. पोरगीही आता चेंडू हरवला की सरळ तोच कोपरा गाठायची, आणि त्याचं घरात कोण कौतुक!

"जमिनीला उतार कसा?"

"पाणी वाहून जायला," सासरे म्हणाले.

"खोलीत कुठलं पाणी?"

"अहो, आधी गॅलरी होती ना ही! मुलगा पोटात होता तेव्हा मी बंद केली. एकेक वीट या हातांनी लावलीय." सासऱ्यांची छाती फुगली होती. "मजबूत काम. फक्त दारापाशी जरा चीर पडते. पुट्टी भरतो मी वर्षाला एकदा. यंदा दोनदा भरावी लागली, एवढंच."

इंजिनिअरने गुडघ्यावर बसून उंबऱ्याजवळची पांढरी रेघ बोटाने चाचपली. पुट्टीचा तुकडा सुटून खाली पडला. फटीत त्याचं नख सहज गेलं.

तो उठला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"काका, जागचे हलू नका. ताई, खाली काही आधार नाही या खोलीला. ही भिंतीतून नुसती बाहेर काढलेली स्लॅब आहे, माणसांनी उभं राहायला. तुम्ही तिच्यावर भिंती बांधल्यात, संसार भरलात. आधी बाळ बाहेर. तुम्ही एकट्याच जा, आतल्या भिंतीला धरून."

याच फरशीवर ती रात्ररात्र लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. भिंतीला पाठ घासत ती सरकली, लेकीला उचललं आणि श्वास रोखून परतली. लेक झोपेत कुरकुरली. जिन्यात उभ्या सासूबाईंनी नात ओढूनच घेतली आणि छातीशी गच्च धरली.

"या आता, काका. हळू."

सासरे उठेनात. खुर्चीचे हात घट्ट धरून ते भिंतींकडे बघत राहिले.

"याच खोलीत माझा मुलगा वाढला," ते पुटपुटले. "माझा."

"बाबा, या ना," ती म्हणाली. "माझा हात धरा."

ते आले.

"साहेब," तिने विचारलं, "आणि हिच्यावर आम्ही ती खोली चढवली असती तर?"

इंजिनिअरने उंबऱ्याजवळच्या फटीकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी दार ओढलं. कडी मात्र त्यांना लागेना. मग तिनेच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती लावली.