पितळी ताटामागचा दिवा

मित्रांनो, मी वाय-फायचा एक जुना डबा आहे. मूळ राउटर वर गच्चीच्या दाराजवळ असतो, तो माझा थोरला भाऊ. त्याच्याकडून इंटरनेट घ्यायचे आणि मागच्या बैठकीच्या खोलीत पोचवायचे, हे माझे काम. फेझ शहरातल्या या जुन्या घराच्या भिंती इतक्या जाड आहेत की माझ्यावाचून त्या खोलीत काहीच पोचत नाही. मला तोंड नाही. कपाळावर एक दिवा आहे, त्यातूनच मी बोलतो. पांढरा म्हणजे सगळे ठीक, पिवळा म्हणजे भावाशी संपर्क क्षीण, लाल म्हणजे तुटलाच.

पण माझे बोलणे बघतो कोण? घरधनी अब्देलहक तर नाहीच. मॅच अडकली की त्याला माझी आठवण यायची. "भंगारात घाला हे डबडं," म्हणायचा. एरवी मी आणि माझ्यावरची धूळ.

त्याची आई रकिया मात्र रोज माझ्याकडे बघायची, बाहीने मला पुसायची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तंजियरला राहणाऱ्या तिच्या बहिणीला, नाजियालाही नाही. साधा फोन त्यांच्या काय कामाचा? दर शुक्रवारी कुसकुसचे जेवण आटोपले की दोघी पडद्यावर समोरासमोर बसत आणि हातांनी अशा काही गप्पा मारत, भांडतसुद्धा, की विचारू नका. ते हात मी पोचवत होतो. याहून मोठे भाग्य कोणते?

एका शुक्रवारी नाजियाच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. आत नेण्याआधी तिला बहिणीला बघायचे होते. नेमके त्याच संध्याकाळी घरी पाहुणे येणार होते. सून तुरियाने माहेरचे मोठे पितळी चहाचे ताट घासूनपुसून लखलखीत केले आणि इथल्या रीतीप्रमाणे फळीवर उभे केले. बरोब्बर माझ्यापुढे.

"पाहुण्यांनी आल्या आल्या हा प्लास्टिकचा डबा बघायचा का?" ती म्हणाली.

पितळेच्या आडून मला भाऊ सापडेना. मी लाल झालो. रकियाच्या पडद्यावर नाजियाचा अर्धा उचललेला हात तसाच थिजला. दुखऱ्या गुडघ्यांमुळे रकियाला वर गच्चीपाशी, माझ्या भावाजवळ, जाणे शक्य नव्हते. तिने मुलाला हात धरून ओढत आणले.

अब्देलहकने मला उपटून खाली ठेवले, पुन्हा वीज दिली. मी पांढरा. "झालं बघ, यम्मा," तो हातांनी म्हणाला आणि मला ताटामागे सारले. मी लाल.

"नाटकं बघ याची."

"तुझ्यासारखाच आहे," तुरिया म्हणाली. "चारचौघांत शहाणा, कोपऱ्यात गेला की ढिम्म."

पुन्हा तेच झाले. वैतागून त्याने टाचणी घेतली. पाठीवरच्या रिसेटच्या भोकात ती खुपसली असती तर माझी सगळी आठवण पुसली गेली असती. मला परत शिकवेपर्यंत नाजियाला आत नेले असते.

रकियाने त्याचे मनगट धरले. ताटामागच्या भिंतीवर पडलेला माझा लाल उजेड ती केव्हाची बघत होती. तिचे हात म्हणाले, "बाहेर पांढरा, ताटामागे लाल. त्याला ताट नकोय रे."

तुरिया ओशाळली. तिने स्वतःच ताट उचलून जमिनीवर ठेवले. मी लाल, मग पिवळा, मग पांढरा झालो.

नाजिया दिसली. शेजारी नर्स थांबली होती. तिने हातांनी सांगितले, "भीती वाटते."

"मलाही," रकियाचे हात म्हणाले. "पण तू उठशील तेव्हा मी इथेच बसलेली असेन. पाहुणे गेले उडत."

आणि ती खरेच बसून राहिली. पाहुण्यांनी तिच्याभोवतीच चहा घेतला. पुढे नाजिया बरी झाली. देवाचे जितके आभार, तितकेच मी रकियाचे मानतो. माझे म्हणणे तिने समजून घेतले नसते, तर त्या दिवशी मी कुणाच्याच उपयोगी पडलो नसतो.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. आम्हाला मोकळ्या जागी ठेवा. पुढे धातूचे काही उभे करू नका. टाचणी घेण्याआधी दिव्याकडे बघा. आणि घरात कुणी बोलत नसेल, तर त्याच्याकडेही जरा बघत जा. तोही काहीतरी सांगत असतो.