शुद्धीवरची जेरो

आमच्या गावची जेरो, म्हणजे देवऋषीण, रस्मिनी तीस वर्षं अंगात आणत होती. अर्ध्या बाली बेटाची मेलेली माणसं तिच्या तोंडून बोलून गेली. पण अंगात आल्यावर आपण दिसतो कशा, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ते दाखवलं परदेशी कॅमेरेवाल्या बाईने. तिने ओसरीवर टीव्ही मांडला आणि "वाटेल ते बोला हं," म्हणत माइक जेरोच्या नाकाशी धरला.

पडद्यावर एक बाई ढेकरा देत होती. हनुवटीवर लाळ. शी! ही मी? जेरोने तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवणार? त्या बाईच्या तोंडून गावातल्या लास्त्राचा मेलेला बाप बोलत होता, "पाणी पाणी करत मेलो. लास्त्रा उशाशी पत्ते कुटत होता. माझ्या हाडांना त्याचा हात लागू देऊ नका."

मग पडद्यावरची जेरो भानावर आली आणि तिने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाले रे?" अंगात आल्यावरचं तिला काहीच आठवत नसे; जमलेली माणसं सांगतील तेच तिला कळायचं.

"पांढरं कापड मागितलं," लास्त्रा म्हणाला. त्याची बायको, काका, सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

तीस वर्षं हेच चाललं असेल? मेलेले तिच्या तोंडून टाहो फोडत होते आणि हे निर्लज्ज तिला कापडं सांगत होते!

"कसं वाटलं?" बाईने विचारलं.

"किळस आली."

"लाळेची? ती कापून टाकू."

"लाळ राहू दे गं. बाकीच्यांची तोंडं बघ."

आमच्याकडे मेलेल्याला आधी पुरतात, दहन मागाहून; लास्त्राच्या बापाचं दहन चार दिवसांवर आलं होतं. पुरलेली हाडं वर काढून लास्त्राच धुणार होता. जेरो तडक शेजारच्या गावी गेली, लास्त्राच्या बहिणीकडे, सेंद्रीकडे. चित्रण झालं त्या दिवशी घरातली तेवढी एकच हजर नव्हती. जेरोने तिला सगळं सांगितलं.

सेंद्री तांदूळ निवडता निवडता हसली. "जेरो, आत्ता तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"आहे की."

"मग हे बाबांचं बोलणं कसं म्हणू? अंगात आणा, ऐकते."

जेरोने धूप लावला. अंगात काही आलं नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने सोंग घेतलं. ढेकरा दिल्या, पडद्यावर पाहिली होती तशी लाळसुद्धा गाळली, आणि बापाचा शब्द न शब्द ऐकवला. सेंद्री ढसाढसा रडली. स्वतःचीच शिसारी गिळून जेरोने डोळे उघडले. रीतीप्रमाणे विचारणं भागच होतं.

"काय म्हणाले गं?"

सेंद्रीने डोळे पुसले. दारात तिची सासू नुकतीच येऊन उभी राहिली होती.

"दादाला आशीर्वाद दिला," सेंद्री म्हणाली. "हाडं त्यानेच धुवावीत म्हणाले."

खोटारडे, असं जेरोच्या अगदी ओठांवर आलं. पण मी ऐकलं म्हणावं, तर अंगात काहीच नव्हतं हे उघडं पडणार. तिने धूप विझवला.

सासूने पुढे होऊन हात जोडले. "पुण्याईचं तोंड हो तुमचं!"

ते तोंड कुठेतरी जाऊन खसाखसा धुवावं असं जेरोला वाटलं.