आईच्या दाराचं कुलूप

"या दोन दगडांच्या मधे टाचणीसुद्धा जात नाही," ओर्तेन्सिया सहलीतल्या लोकांना सांगत होती. पेरूतल्या डोंगरावरच्या कुस्कोत हे वाक्य रोज इतके गाइड म्हणतात, की दगडांनाही ते पाठ झालं असावं. खालची भिंत इंकांची, वरची माडी स्पॅनिशांची. भूकंपात पडते ती माडी. इथे हसायचं असतं. सगळे हसले. एकजण तेवढा धापा टाकत भिंतीला टेकून राहिला. तो तिचा थोरला भाऊ आमिल्कार, लीमाहून ऑफिसच्या सहलीबरोबर आलेला.

"इथंच जन्मलास ना रे दादा?" ती हळूच म्हणाली. "कोकाचा चहा घे जा. उंचीवर दम लागणाऱ्या परक्यांना देतो तोच."

"दोनदा घेतला."

दुपारी सहल जेवायला बसली तेव्हा ती त्याला दफनभूमीत घेऊन गेली. इथे मेलेली माणसं भिंतीतल्या कोनाड्यांत राहतात. कोनाड्याला काचेचं दार. आत फुलं आणि मेलेल्याच्या आवडीचा भातुकलीएवढा संसार. आई पाव विकायची, म्हणून आत नखाएवढे पाव होते आणि बिअरची एक चिमुकली बाटली. मातीच्या दिवशी दाराला कुलूप आमिल्कारनं लावलं आणि थोरला म्हणून किल्ली घेऊन तो लीमाला गेला. तेव्हापासून आतली फुलं तीच होती. ओर्तेन्सिया दर रविवारी ताजी फुलं आणून बाहेरच्या डब्यात ठेवायची. फाटकाशी बसणारा कुलूपवाला कुलूप तोडून द्यायला तयार होता, पण आईच्या दारावर पक्कड कशी चालवायची? दादा फोनवर दर वेळी म्हणायचा, येताना आणतो.

आज तिनं पांढऱ्या लिली घेतल्या होत्या. आत ठेवायच्या आहेत, हे फुलवालीलाही सांगून झालं होतं.

आमिल्कारनं सगळे खिसे चाचपले. किल्ली लीमात राहिली होती. आताच्या घरात की आधीच्या, हेही त्याला सांगता येईना.

"सापडेल गं," तो म्हणाला.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं कुलूप ओढलं. ते हातात आलं. मुळात ते नीट लागलंच नव्हतं, नुसतं अडकलेलं होतं.

"तू कधी ओढून नाही बघितलंस?"

"तू लावलेलं होतंस," ती म्हणाली.

मग दार उघडं ठेवून लिलींचे देठ धुवायला ती नळावर गेली. तेवढ्यात वारा सुटला आणि आतले पाव खाली पडायला लागले. आमिल्कारनं ते वेचले, वाळकी फुलं काढून टाकली, पाव पुन्हा नीट मांडले आणि ती परत येईपर्यंत दार लोटून कुलूप दाबलं. खट्ट आवाज आला.

"या वेळी पक्कं लागलंय," तो धापा टाकत म्हणाला. मग त्याला तिच्या हातातली फुलं दिसली.

तिनं डब्यातलं जुनं पाणी ओतून दिलं, लिली बाहेर ठेवल्या आणि नेहमीसारखी त्यांची तोंडं काचेकडे वळवली.