तिसऱ्या चेटकिणीचा चेहरा

झाडूवरून उडणाऱ्या तीन छोट्या चेटकिणींपैकी तिसरी माझी भाची होती, मुंगी. वय वर्षं आठ. तिच्या कमरेचा पट्टा मीच बांधला होता, कारण सिनेमाच्या स्टुडिओत तारेवर उडणाऱ्यांचे पट्टे बांधणं हेच माझं काम. ताईचं मन तिला पाठवायला तयार नव्हतं. मीच गळ घालून पोरीला घेऊन आले होते.

निर्मात्यांना या वेळी चेटकिणी सगळ्या रंगांच्या हव्या होत्या. चांगलीच गोष्ट आहे. पोस्टरवर मुंगी सगळ्यांत पुढे, रंग आमच्या घरचा, चांगला गडद. ते पोस्टर बघून ताई रडली. मलाही भरून आलं होतं, पण चारचौघांत रडणं मला जमत नाही.

वीस फुटांवर तारेला लटकलेलं पोर ओरडलं तरी खाली ऐकू येत नाही, एवढा पंख्यांचा आवाज असतो. म्हणून मी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून त्यांचे चेहरे बघते. पट्टा सरकून बरगड्यांत रुतला की डोळे मोठे होतात, ओठ सुकतात. तेवढं दिसलं की मी हात वर करते आणि तारवाला त्यांना खाली घेतो.

त्या दिवशी गुहेतला प्रसंग होता. लाइटवाल्याने यंत्र पहिल्या मुलीच्या गोऱ्या गालाशी धरून उजेड मोजला, मग दुसरीच्या तशाच गालाशी धरला, "झालं" म्हणाला आणि निघून गेला. तिसऱ्या गालापर्यंत कोणी गेलंच नाही. माझ्याही ते ध्यानात आलं नाही, खोटं कशाला बोलू.

मुली वर गेल्या. पडद्यावर दोघींचे चेहरे लख्ख. तिसऱ्या झाडूवर एक टोपी आणि टोपीखाली नुसता काळोख.

"मुंगीचा चेहरा दिसत नाहीये," मी दिग्दर्शकाला म्हणाले.

"दिसतोय की. दात बघा ना, काय गोड हसतेय."

दात दिसत होते खरे. पण आमची मुंगी तोंड मिटून हसते.

सकाळीच मी एकदा उगाच हात वर केला होता आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. पुन्हा चुकले तर उद्यापासून घरी बसा, असं बजावलं होतं. हात उचलेना. मी घाबरले होते पोरीसाठी, आणि स्वतःसाठीसुद्धा. त्या दुसऱ्या भीतीची लाज अजून जात नाही.

शेवटी टॉर्च उचलला आणि कॅमेऱ्यासमोरून, गुहेसाठी सोडलेल्या धुरात पळाले. उजेड वर मारला. पट्टा काखेपर्यंत चढलेला, गाल ओले, डोळे फाटलेले, दात गच्च आवळलेले. तारवाल्याने काही विचारलंही नाही. पोरगी खाली आली.

मी पट्टा कापला. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. लाइटवाला धावत आला आणि यंत्र तिच्या गालाशी धरू लागला. मी त्याचा हात झटकला.

बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं.

"मावशी, मी डोळे एवढे मोठे केले होते. आणि तू पडद्याकडेच बघत होतीस, मला वरून दिसत होतं. मग इतका वेळ का लावलास?"