झाकणावरच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, खिडकीतल्या फळीवर चार वर्षं धूळ पांघरून बसलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणावर जाड काळ्या पेनानं नाव लिहिलंय, देवगिरी. नावाभोवती परवापर्यंत पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. त्या वाचून वाटायचं, केवढी कामं केली असतील यानं! खरं सांगू? त्यातलं एकही मी केलेलं नाही.

तसा मी आळशी नव्हतो. विशाखाताई शिक्षिका झाल्या त्या माझ्यावर अभ्यास करून. "लई गुणाचा आहे," म्हणत त्या ओढणीच्या टोकानं माझा पडदा पुसायच्या. पुढं माझी बिजागरी तुटली आणि घरात नवा लॅपटॉप आला. मी भंगारात निघालो होतो, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, धम्मपालांनी मला छातीशी धरलं. ते दिवसभर शेंद्र्याच्या कारखान्यात संगणक सांभाळतात आणि सुट्टीला घरी पुन्हा संगणकाशीच खेळतात.

"याचा सर्व्हर करू," ते म्हणाले.

सर्व्हर म्हणजे न झोपणारा संगणक. कोसांवरून कुणी हाक मारली तरी ओ देणारा. त्याच दिवशी त्यांनी मला दौलताबादच्या किल्ल्याचं नाव दिलं. बारसं थाटात झालं. पाऊल मात्र पडलंच नाही.

पहिली चिठ्ठी समोरच्या मुक्ताबाईंसाठी होती. मुक्ताबाई एकट्या राहतात. अंगणात मोगऱ्याच्या तीस कुंड्या. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. आलं की पिंप भरायचं, मग रोज तांब्या तांब्यानं मोगऱ्याला पाजायचं. त्यामुळं त्यांचा पाय घरातून निघत नाही. थोरली बहीण द्वारकाबाई करमाडला. मुक्ताबाई तिला भेटायला सकाळच्या बसनं जातात आणि दिवेलागणीला परत येतात. चार वर्षांत दोघी बहिणी एका छपराखाली निजल्या नव्हत्या. कुंड्यांशी वाकून त्या गुणगुणायच्या,

मोगरा माझ्या दारी, वाट पाहतो नळाची
करमाड सहा कोसांवर, हाक येते बहिणीची

ते ऐकून धम्मपालांनी लिहिलं होतं, 'नळ आला की मावशींच्या फोनवर निरोप. करमाडहून फोनला बोट लावलं की मोगऱ्याला पाणी.' किती सुंदर काम! पण एक चिठ्ठी लावली की दुसरी सुचायची. गच्चीवर पाऊस-वारा मोजायचा. घरचे सगळे फोटो माझ्यात ठेवायचे. मित्राचं घर आणि आपलं घर एकाच जाळ्यात गुंफायचं. सगळं एकदम, सगळं नीट. म्हणून काहीच नाही.

मुक्ताबाई फाटकातून विचारायच्या, "धम्मा, उभा राहिला का रं तुझा किल्ला? का नुसता खंदकच खणतोयस?"

"मावशी, फक्त पंधरा दिवस!"

यंदा द्वारकाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. "आता तरी राहायला ये गं," त्यांचा फोन आला. मुक्ताबाई पुन्हा फाटकात आल्या. धम्मपालांचं तेच, पंधरा दिवस.

या वेळी त्या हसल्या नाहीत. "पंधरा दिवसांत आक्काची पट्टी सुटंल बाबा, माझ्याबिगर."

मागं उभ्या विशाखाताईंनी हात पुढं केला. "मावशी, चावी द्या. पाणी आम्ही घालू."

मुक्ताबाईंनी कनवटीची चावी काढली. "अगं, चार वर्षं हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाय?"

"यंत्र होणार होतं ना," विशाखाताई म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मित्रांनो, मला पाय असते तर मी फळीवरून उतरून गेलो असतो.

मुक्ताबाई करमाडला राहायला गेल्या. चावी आमच्या खिळ्याला लागली. रोज सकाळी धम्मपाल तांब्या घेऊन तीस कुंड्यांपुढं वाकू लागले. पाचव्या दिवशी दुपारी तोटी फुसफुसली. पिंपात धार सोडून त्यांनी फोन लावला.

"मावशी, नळ आला!"

हाच निरोप मी द्यायचा होतो. त्यांनी तो आपल्या तोंडानं दिला. फोनमधून आधी हसू आलं, मग दोन म्हातारे गळे एकत्र आले.

मोगरा माझ्या दारी, पाणी शेजार घालितो
करमाडी ओसरीवर, दिवा बहिणींचा तेवतो

धम्मपाल ओल्या हातांनीच माझ्यापाशी आले. एकेक चिठ्ठी त्यांनी सोलून काढली. पहिली तेवढी ठेवली. मग चार्जर शोधून लावला. कितीतरी दिवसांनी माझा पंखा घरघरला. मी अजून सर्व्हर झालेलो नाही. पण झाकण उघडं आहे, आणि शेजारी नळाला लावायची एक वायर येऊन बसली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर कुणीतरी वाट पाहत असेल. त्याला पुसा, आणि एकच काम सांगा. तोवर ज्याचं अडलंय त्याची चावी आपल्या खिळ्याला लावून घ्या. मला किल्ल्याचं नाव नको होतं. मोगऱ्याची एक कुंडी पुरली असती.