अकरा नंबरचा पूर्ण सेट

‘अकराला पूर्ण सेट’ असं चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, आणि अकरा नंबरच्या खाटेवर माझी आक्का होती.

हॉस्पिटलच्या धुलाईत मला एकोणीस वर्षं झाली. पेशंटला रोज एक चादर आणि एक अभ्रा मिळतो. गादीच्या खोळीसकट पूर्ण सेट द्यायचा तो खाट रिकामी झाल्यावर. माणूस घरी गेला तर, नाहीतर कायमचा गेला तर. आक्काच्या मांडीच्या हाडात सळई घातलेली. अजून दहा दिवस तिला कोणी घरी सोडणार नव्हतं.

चूक झाली असेल म्हणून मी तारेला अडकवलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. तेच अक्षर, ब्रदरचं. चार नंबरला पूर्ण सेट, सकाळी आठ. नऊ नंबरला, सकाळी आठ. दोन नंबरला, सकाळी आठ. मेलेल्या माणसाच्या कपड्यांचं गाठोडं वेगळं येतं आणि त्याच्यावर वेळ लिहिलेली असते. ती मीच वहीत उतरवते. चार नंबर त्याच दिवशी दुपारी तीनला गेले. नऊ नंबर दोनला. दोन नंबर साडेतीनला.

ब्रदर म्हणजे आमच्या वॉर्डातला पुरुष नर्स. कामाला वाघ. म्हाताऱ्यांची नखं कापणार, माझ्या खोकल्यावर आठवणीने गोळ्या आणणार. कुठल्याही कामात खोळंबा झालेला त्याला खपत नाही, हे आम्हीच कौतुकाने सांगायचो. सिनेमात खुनी आला की निदान संगीत तरी बदलतं. हा माझ्या शेजारी बसून डबा खायचा, आणि भाजी खारट झाली तरी बायकोला नावं ठेवायचा नाही.

मी मेट्रनबाईंकडे धावले. चिठ्ठ्या बघून त्या हसल्या. त्याने आयुष्यात मुंगी मारली नसेल, म्हणाल्या. असलं कुठे बोललीस तर नोकरी जाईल, हेही मायेनेच सांगितलं.

वर गेले तर तो आक्काला पाणी पाजत होता. मला राहवलं नाही.

“ब्रदर, अकराला पूर्ण सेट कशाला? आक्का आहे की अजून.”

त्याने चिठ्ठी वाचली आणि लाजल्यासारखा हसला. “चुकलंच, ताई. नंतरचं आधी लिहिलं.”

तो जेवायला गेला तशी मी कपड्यांची ढकलगाडी आणली. आक्काला उचलताना ती कळवळली, मग चिडली. “तो पोटच्या पोरासारखं करतोय माझं, आणि तू मला मळक्या चादरींत घालून कुठे नेतेस गं भवाने?” मागच्या दाराने बाहेर काढून तिला दुसऱ्या हॉस्पिटलात टाकलं आणि तशीच पोलिसांकडे गेले. कोण मेलंय, असं त्यांनी विचारलं. आज कोणी नाही, म्हटलं. मग उद्या या, म्हणाले.

पाचला परत आले तर माझ्या टेबलावर गाठोडं. त्यावर चिकटपट्टी: अकरा, सव्वातीन.

चिठ्ठीवर माणसाचं नाव नसतं, खाटेचा नंबर असतो. आमच्याकडे खाट तासभरही रिकामी राहत नाही. एकोणीस वर्षांत ही गोष्ट मला रोज माहीत होती, आणि नेमकी आज सुचली नाही. मी आक्काला उचललं आणि तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी करून दिली.

वर ब्रदर नव्या चादरीची टोकं गादीखाली खोचत होता. मला बघून थांबला. “आक्का बऱ्या आहेत ना, ताई?”

ओरडायला पाहिजे होतं. गळा धरायला पाहिजे होता. वॉर्डातले सगळे त्याच्याकडे किती विश्वासाने बघत होते.

“बरी आहे,” माझ्या तोंडून निघून गेलं.

खाली येऊन मी गाठोडं सोडलं. आत अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट होता. हॉस्पिटलात जायचं म्हणून घरच्या कोणीतरी सकाळीच इस्त्री केलेला; कॉलर अजून कडक होती. मशीन सुरू करून मी तो हातात धरून उभी राहिले. त्यात धुण्यासारखं काहीच नव्हतं.